बी टीममधली राज्य खेळाडू

प्रिय ताई,

मी सांगली जिल्ह्यातली, वय २३. चौथीपासून खो-खो खेळले. जिल्ह्याच्या मुलींच्या संघातून दोनदा राज्य अजिंक्यपद स्पर्धेला गेले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी अभ्यासापायी खेळ सुटला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मोबाइलवर फायनल बघताना मी रडले होते. या ऑगस्टपासून अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करते आहे. डोक्यावर ३२ लाखांचं कर्ज आहे आणि आठवड्याला १५ तास डायनिंग हॉलमध्ये काम.

सप्टेंबरात रेक सेंटरमागच्या (म्हणजे विद्यापीठाच्या व्यायाम-खेळ केंद्रामागच्या) मैदानावर पळत होते. शेजारी मुलींचा अल्टिमेट फ्रिस्बीचा क्लब सराव करत होता. त्यांच्या कॅप्टननं हाक मारली, चार दिवस ट्रायआउट घेतली आणि बी टीममध्ये घातलं. सेमिस्टरची फी १६० डॉलर. आठवड्यातून तीन संध्याकाळी सराव, शिवाय शनिवार-रविवार बाहेरगावी स्पर्धा. घरी सांगितलेलं नाही. रूममेट म्हणते, पैसे देऊन कुणी खेळतं का, आणि तेही कुत्र्याला टाकतात ती थाळी? इथल्या मुली भराभर बोलतात, निम्मं डोक्यावरून जातं. हा खेळ खरा की टाइमपास? वर्सिटीच्या संघात का जाता येत नाही? आणि एवढं करून मिळणार काय?

– बाकावरची

ता. क. खो-खोचे बूट चालतील का?

*

प्रिय बाकावरची,

पैसे भरायचे आणि वर बी टीममध्ये बसायचं, हे तुला लागलंय. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि मला वाटतं बाकीच्या शंका या एका ठुसठुशीतूनच आल्या आहेत. म्हणून आधी तेवढं निस्तरू.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे जिमखान्याच्या फळ्यावरची नोटीस, सरांनी निवडलेला संघ, मग विभागीय, आंतरविभागीय आणि पुढे विद्यापीठाचा संघ. ट्रॅकसूट, प्रवासभत्ता, हजेरीत सवलत आणि नशीब असेल तर वाढीव गुण. खेळाडूनं खेळायचं, बाकीचं कॉलेजनं बघायचं. (किती बघतं ते तुला मी काय सांगू.) अमेरिकेत त्या जागेवर वर्सिटी असते. पगारी कोच, फिजिओ, फुकट बूट, काहींना शिष्यवृत्ती, आणि सगळ्यावर एनसीएए नावाच्या कॉलेज-क्रीडा संस्थेचे नियम. तिच्या पहिल्या श्रेणीत हंगामात खेळाडूला आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ सक्तीनं राबवायचं नाही असा नियमच करावा लागला, यावरून तो काय धंदा आहे ते ओळख. त्या संघांत शाळेपासून हेरून ठेवलेली मुलं असतात. आणि अल्टिमेट एनसीएएच्या यादीत नाहीच, त्यामुळे तुला वर्सिटीत का घेतलं नाही हा प्रश्न आपोआप मिटला. तो संघच नाही.

दुसऱ्या टोकाला इंट्राम्युरल: वसतिगृह विरुद्ध वसतिगृह, मंगळवारी रात्री नऊ वाजता, हरलो तर पिझ्झा आणि जिंकलो तरी पिझ्झा. या दोहोंच्या मध्ये क्लब. आणि क्लब समजून घ्यायला तुला अमेरिकेची कसलीच माहिती लागत नाही, कारण क्लब म्हणजे मंडळ. तुमच्या गल्लीतलं, वर्गणी काढणारं, मांडव स्वतः घालणारं मंडळ. विद्यापीठ नाव वापरू देतं, मैदान देतं, विद्यार्थ्यांच्या फीमधून थोडंफार अनुदान टेकवतं, आणि भरपूर फॉर्म भरून घेतं. बाकी अध्यक्ष, खजिनदार, मैदान आरक्षित करणारी, व्हॅन ठरवणारी, स्पर्धेची प्रवेश फी वेळेत पाठवणारी, सगळ्या मुलीच. बऱ्याच क्लबांना पगारी कोच नसतोच, जुनी खेळाडू नाहीतर कॅप्टनच शिकवते. तुझे १६० डॉलर म्हणजे वर्गणी, संघातली जागा त्यातून कुणी तुला विकलेली नाही. ए टीममधली पोरगीही भरते, कॅप्टनही भरते. आणि खरं सांगायचं तर तू स्वस्तात सुटलीस. आईस हॉकी नाहीतर रोइंगच्या क्लबात ही रक्कम वर्षाला हजारांत जाते, कारण बर्फाचं भाडं असतं, होड्या असतात. तुमच्या खेळाला १७५ ग्रॅमची एक डिस्क, आठ कोन आणि गवत एवढंच लागतं.

मी दादरहून इथे आले ती १९९६ च्या ऑगस्टमध्ये. कॉलेजात बॅडमिंटन सोडून काही खेळले नव्हते. वसतिगृहातली एक मुलगी ओढत घेऊन गेली म्हणून अल्टिमेटच्या क्लबात शिरले आणि दुसऱ्या वर्षी, हिशेब येतो या एकमेव गुणावर, खजिनदार झाले. आमच्या विद्यापीठाचं अमेरिकन फुटबॉलचं स्टेडियम प्रचंड होतं. शनिवारी तिथे वर्सिटीचा सामना व्हायचा, आणि रविवारी सकाळी सहाला आम्ही क्लबवाले मोठाल्या काळ्या पिशव्या घेऊन पायऱ्या साफ करायला जायचो. क्लबला त्याचे पैसे मिळायचे. नाचोच्या ट्रेमधलं चीज रात्रीच्या थंडीत घट्ट होऊन सिमेंटला चिकटलेलं असायचं, ते खरवडून काढायला आम्ही बाद झालेली क्रेडिट कार्डं न्यायचो. आमच्या शेजारच्या रांगेत मुलांचा रग्बी क्लब, पलीकडे तलवारबाजीवाले. त्या पैशांतून आम्ही वसंतातल्या दोन स्पर्धांची प्रवेश फी भरली. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढ्यासाठी सातासमुद्रापलीकडे गेलीस? मी तिला पुढचे सहा महिने खेळाविषयी काही सांगितलं नाही. तेव्हा घरी न सांगण्याचा विषय मला नवा नाही. त्याकडे नंतर येते.

आता बी टीम. तुला पळता येतं हे त्या कॅप्टननं लांबून ओळखलं. पण तुला फेकता येत नाही, हेही तिनं चार दिवसांत ओळखलं असणार. अल्टिमेटमध्ये डिस्क हातात आली की पळता येत नाही. एक पाय रोवायचा, समोरची मुलगी मोठ्यानं दहापर्यंत मोजते, तेवढ्यात डिस्क गेली पाहिजे. उलट्या हाताची फेक आठवड्यात जमते. सुलट्या हाताची, दोन बोटं कडेला लावून मनगटाच्या झटक्यानं मारायची, ती वाऱ्यात सरळ जायला माझे चार महिने गेले. तोवर ए टीमसोबत मैदानात उतरलीस तर डिस्क मिळेल, हातातून पडेल, आणि पुढच्या वेळी कुणी तुझ्याकडे फेकणार नाही. बी टीममध्ये ती पन्नास वेळा पडेल आणि पन्नास वेळा परत तुझ्याकडे येईल. शिक्षा म्हणून बी टीममध्ये घालतात असं नाही. नवीन गडी तालमीत आला की आधी त्याला माती उकरायला लावतात ना, तसं समज.

खेळ खरा आहे का? अगं, १९६८ साली न्यू जर्सीच्या मेपलवुड गावातल्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी तो सुरू केला आणि गाड्यांच्या पार्किंगमध्ये वाढवला. ६ नोव्हेंबर १९७२ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांत पहिला आंतरविद्यापीठ सामना झाला. १८६९ मध्ये नेमक्या त्याच तारखेला याच दोन विद्यापीठांत अमेरिकेतला पहिला आंतरविद्यापीठ फुटबॉल सामना झाला होता, हे त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम साधलेला खोडसाळपणा तो. अल्टिमेटमध्येही रटगर्सच जिंकलं, २९–२७. रूममेटला म्हणावं, कुत्र्यांसाठी काढलेला खेळ नव्हे हा.

पण इतिहासानं तुझं समाधान होणार नाही, मैदानावरचं सांगते. सात जणींचा संघ. मैदान ७० यार्ड लांब, ४० रुंद, दोन्ही टोकांना २० यार्डांचे गोलपट्टे. पट्ट्यात डिस्क झेलली की गुण. ज्यांना फेकता येतं त्या मागे थांबतात, त्यांना हँडलर म्हणतात. बाकीच्या कटर. कटरचं काम म्हणजे तुझी खो-खोतली पळती गं! अंगावर आलेल्या मुलीला डावीकडे खेचायचं, खांदा तिकडेच ठेवायचा आणि पाय उजवीकडे टाकून मोकळं व्हायचं. हुलकावणी. इथल्या मुली फुटबॉल, बास्केटबॉलमधून आलेल्या असतात. त्या चांगल्या पळतात, पण जोरात पळताना एका पावलात थांबणं त्यांना जमत नाही. तुला खांबाजवळ अर्ध्या फुटात फिरायची सवय आहे. आणि सूर! इथे त्याला लेआउट म्हणतात आणि त्याचं केवढं कौतुक. पूर्ण आडवं होऊन हवेत डिस्क पकडली की दोन्ही संघ ओरडतात. तू खांबावर सूर मारून गडी बाद केलेली मुलगी. तुला कसं पडायचं ते माहीत आहे, म्हणजे या क्लबातल्या निम्म्या मुली जे शिकायला दोन वर्षं घेतात ते तू सांगलीहून बांधूनच आणलंयस.

मात्र एक गोष्ट तुला जड जाईल, आणि तुझ्या पत्रात तिचा उल्लेख नाही म्हणजे ती अजून समोर आलेली नसावी. या खेळात पंच नाही. फाउल झाला की ज्या मुलीवर झाला तिनं स्वतः म्हणायचं. समोरच्या मुलीला मान्य नसेल तर ती ‘कंटेस्ट’ म्हणते. दोघींनी तिथेच, वीस-तीस सेकंदांत, एकमेकींना सांगायचं काय झालं ते. पटलं तर ठीक, नाही पटलं तर डिस्क जिनं फेकली तिच्याकडे परत. वरच्या पातळीवर निरीक्षक असतात, पण तुझ्या स्पर्धांत तेही नसतील. आता विचार कर. तू शिट्टीवर वाढलेली. शिट्टी वाजली तर थांबायचं, सरांनी हात वर केला तर बाद. आणि इथे घामेजलेल्या अवस्थेत, न कळणाऱ्या उच्चारांच्या मुलीसमोर उभं राहून, सगळं मैदान बघत असताना बोलायचं.

माझ्या दुसऱ्याच स्पर्धेत एक दांडगी मुलगी झेल घेताना माझ्यावर येऊन आदळली. मी पडले, डिस्क पडली, कोपर सोलवटलं. मी आजूबाजूला बघते आहे, कुणी काही म्हणेल. त्यांनी डिस्क उचलली आणि गुण केला. कॅप्टन मला म्हणाली, फाउल का नाही म्हणालीस? मी म्हणाले, मला वाटलं कुणीतरी बघितलं असेल. ती हसली नाही. म्हणाली, बघणारी तूच. त्यानंतरही अर्धा हंगाम मी गप्पच राहिले. मार्चमध्ये एका सामन्यात एकदाचा तोंडून शब्द फुटला तो इतक्या जोरात की शेजारच्या मैदानावरच्या पोरी थांबल्या. समोरचीनं ‘कंटेस्ट’ म्हटलं. मी म्हटलं, तुझा हात माझ्या मनगटावर होता, आधी मनगट, मग डिस्क. इंग्रजीत हे वाक्य बोलताना व्याकरणाची वाट लागली होती. तिनं एक क्षण विचार केला आणि म्हणाली, बरोबर आहे, घे. त्या सेमिस्टरला मी वर्गात पहिल्यांदा हात वर करून प्रश्न विचारला. त्याचा याच्याशी संबंध असेल किंवा नसेलही.

तुझी सोय एवढीच की मोठ्यानं ओरडायची तुला लाज नसणार. खो नुसता पाठीत थाप मारून देता येत नाही, तोंडानं स्पष्ट म्हणावा लागतो. अल्टिमेटमध्ये तर बाकावर बसलेल्यांनीही अखंड ओरडायचं असतं. डावीकडे सोड, मागून येतेय, वर गेली. पहिले पंधरा-वीस शब्द पाठ कर. ‘अप’ म्हणजे डिस्क हवेत सुटली, ‘फोर्स’ म्हणजे कुठल्या बाजूला फेकायला भाग पाडायचं ते. बाकीचं भराभर बोलणं, विनोद, कुठल्या मालिकेतले संवाद वगैरे, ते व्हॅनमध्ये हळूहळू कळतात. नाही कळले तरी बिघडत नाही. मला तीस वर्षांनी निम्मे कळतात.

आता कर्ज आणि वेळ. इथे मी तुझ्या रूममेटच्या थोडी जवळ आहे. हिशेब मांड. तीन सराव म्हणजे सहा तास, जाण्यायेण्यासकट आठ. हे परवडतं. एरवी तेवढा वेळ तू मोबाइलवर घालवतेस, नाही म्हणू नकोस. स्पर्धा मात्र अख्खा शनिवार-रविवार गिळते. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारी तीन-चार सामने, रविवारी बाद फेरी, आणि रात्री अकराला दारात. सोमवारी असाइनमेंट असेल तर ती व्हॅनमध्ये होत नाही, मी करून पाहिलंय. शिवाय शरदातला हा हंगाम सरावाचा, खरा हंगाम जानेवारीनंतर, आणि त्याच्या मुख्य फेऱ्या एप्रिल-मेमध्ये, म्हणजे तुझ्या परीक्षांच्या ऐन तोंडावर. म्हणून या सेमिस्टरला स्पर्धा दोनच, त्याही मिडटर्मपासून लांबच्या. कॅप्टनला हे आत्ताच सांगून टाक. क्लबात या गोष्टीचा राग येत नाही, ऐन शुक्रवारी फोन बंद करून बसणाऱ्याचा येतो. इंटर्नशिपसाठी करिअर फेअर असेल त्या दिवशी सराव सोडायचा, यावर चर्चाही नको. आणि पहिल्या वर्षी कुठलंही पद घ्यायचं नाही. तू हिशेबी दिसतेस, पत्रात सगळे आकडे दिलेस, तुला लगेच खजिनदार करायला बघतील. माझ्यासारखी फसू नकोस.

डायनिंग हॉलच्या जागी आणखी एक वाट आहे. रेक सेंटरला इंट्राम्युरल सामन्यांसाठी पंच लागतात, आणि ती विद्यापीठातलीच नोकरी असल्यामुळे तुझ्या एफ-१ व्हिसाच्या आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत बसते. भांडी विसळण्यापेक्षा शिट्टी बरी. क्लबात खेळणं म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे व्हिसाला त्याचा धक्का नाही. पण कुणी बाहेरच्या शाळेत पैसे घेऊन पोरांना शिकव म्हणालं, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. आणि एमएसच्या मुलींना अधिकृत हंगामात खेळायला पात्रतेचे काही नियम असतात, किती क्रेडिट घेतलेत वगैरे. ते कॅप्टनकडून वसंताआधी तपासून घे.

पुढचं मन लावून वाच. लोक गुडघ्याची भीती घालतात, आणि ती खरीच आहे. झटक्यात दिशा बदलायच्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींत जास्त असतं, आणि पायाला जो सराव मातीचा आहे तो इथे गवतात क्लीट्स (तळाला खुंट्या असलेले बूट) घालून फसवतो. मातीत पाय थोडा घसरतो आणि वाचतो. क्लीट्समध्ये पाय जमिनीत रुततो, वरचं शरीर फिरतं, आणि मध्ये गुडघा. पहिले दोन आठवडे पूर्ण वेगानं हुलकावण्या देऊ नकोस, कितीही टाळ्या पडल्या तरी. मांड्यांचे आणि एका पायावर उतरण्याचे व्यायाम रेक सेंटरच्या ट्रेनरकडून शिकून घे. काही ठिकाणी ते फुकट सांगतात.

पण गुडघ्याहून मला भीती वाटते ती रविवारच्या रात्रीची. दोन दिवस पळून, उन्हात नाहीतर पावसात भिजून, मोटेलच्या एका खोलीत सहा जणी झोपून (दोघी जमिनीवर, एक बाथटबमध्ये उशी घेऊन, खरंच), मग पाच तास गाडी चालवायची, अंधारात. आमच्या वेळी पंधरा जणींच्या लांबलचक व्हॅन असायच्या. त्या पूर्ण भरल्या की उलटण्याचा धोका फार वाढतो, म्हणून २००१ मध्ये इथल्या सरकारच्या रस्तासुरक्षा खात्यानं इशारा दिला आणि पुढे बऱ्याच विद्यापीठांनी त्या बंद केल्या. व्हॅन बदलल्या, झोप तीच आहे. आमची गाडी एकदा इंडियानात हायवेच्या कडेच्या खडबडीत पट्टीवर गेली, त्या घरघराटानं सगळ्या जाग्या झाल्या. चालवणारीही. कुणाला काही झालं नाही. पुढच्या पेट्रोल पंपावर सगळ्या जणी खाली उतरून पंधरा मिनिटं नुसत्या उभ्या होतो, कुणी एक शब्द बोललं नाही. तर: चालवणाऱ्या दोघी ठरलेल्या असाव्यात, पुढच्या सीटवरची झोपायची नाही हा नियम हवा, आणि उशीर झाला तर सोमवार सकाळचं लेक्चर बुडवून मुक्काम करायचा. क्लब या गोष्टीत ढिला वाटला तर तो क्लब सोड, मग त्या मुली कितीही गोड असोत.

विम्याचं कार्ड बॅगेत ठेव आणि त्यातला ‘डिडक्टिबल’ किती ते आजच वाच, म्हणजे विमा सुरू होण्याआधी तुझ्या खिशातून किती जाणार ते. क्लबचा वेव्हर म्हणजे तू जखमी झालीस तर विद्यापीठ जबाबदार नाही असं तू सही करून दिलेलं असतं. माझी करंगळी एका झेलात निखळली, रविवार होता, घाबरून हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेले. बोट दोन मिनिटांत बसवलं. बिल आलं ते माझ्या महिन्याच्या घरभाड्याहून मोठं. जिवावरचं नसेल तर विद्यापीठाचं आरोग्य केंद्र, ते बंद असेल तर अर्जंट केअर, म्हणजे वेळ न ठरवता जायचा दवाखाना. डोक्याला मार लागला तर मात्र हिशेब करायचा नाही, त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरकडे.

तुझ्या विद्यापीठात क्रिकेटचाही क्लब असेल, बऱ्याच ठिकाणी असतो, आणि तिथे आपलीच मुलं. रूममेट तिकडे चल म्हणेल. तिकडे मराठीत शिव्या देता येतात, हा मोठा फायदा मी नाकारत नाही. पण तू क्रिकेटपटू नाहीस. तुला पळायचं आहे.

घरी सांग. फोनवर एकदम ‘फ्रिस्बी’ म्हणू नकोस, तिथेच गोंधळ होतो. मैदानाचा फोटो पाठव आणि म्हण की कॉलेजच्या संघात निवड झाली, खो-खोसारखंच पळायचं असतं. यात खोटं काही नाही. १६० डॉलरचं त्यांनी विचारण्याआधी तूच सांग, आणि ते डायनिंग हॉलच्या कमाईतून जाणार हेही. बाबा विचारतील, सर्टिफिकेट मिळेल का. इथे तुझ्या ‘मिळणार काय’ या प्रश्नाशी आपण आलो. काही मिळणार नाही, बाई. वाढीव गुण नाहीत, सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. रेझ्युमेत एक ओळ होईल आणि एखादा मुलाखत घेणारा त्यावर दोन मिनिटं बोलेल, बस. विश्वचषकाची फायनल बघताना तू का रडलीस ते मला ठाऊक नाही. आपली कर्णधार प्रियंका इंगळेच्या हातातला चषक बघून आपल्यालाही तो हवा होता असं वाटलं असेल, तर क्लब तुला तो देणार नाही. आणि नुसतं मैदान आठवलं असेल, तर मैदान रेक सेंटरच्या मागेच आहे. तिसऱ्या सरावानंतर स्वतःला विचार, खोलीवर परत येताना आपण गुणगुणतोय का. गुणगुणत नसशील तर कॅप्टनला सांगून मोकळी हो. एवढ्या लवकर सोडलं तर काही क्लब वर्गणी परतही करतात.

बुटांचं: खो-खोचे नकोत. पावसानंतरच्या गवतात त्यांची पकड राहणार नाही, पहिल्याच वळणाला आडवी होशील. फुटबॉलचे मोल्डेड क्लीट्स घे, धातूचे खिळे असलेले चालत नाहीत. पण विकत घेण्याआधी क्लबच्या साहित्याच्या खोलीत बघ. शिकून गेलेल्या मुलींनी ठेवलेल्या जुन्या बुटांचा एक खोका असतो, वास मारणारा. त्यात तुझ्या मापाचे निघाले तर साठ डॉलर वाचले. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस उन्हात ठेव.